घोट्याचं काय ते खरं सांग

कोल्हापूर,
सोमवार, रात्री

चि. राजश्रीस अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवून दिलास म्हणून हे पत्र. मी रागावलेलो नाही. आई रागावलीय, पण तुझ्यावर की माझ्यावर, ते अजून कळलेलं नाही.

घोट्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. आमच्या माजी सैनिकांच्या मेळाव्याचं लिहितो. तुझा फोन आला तेव्हा मी तिथूनच आलो होतो, बूटसुद्धा काढले नव्हते.

यंदाही टेंबलाई टेकडीखालच्या हॉलमध्येच होता. ४ फेब्रुवारी आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचा मराठा दिन. १६७० साली तानाजींनी कोंढाणा घेतला तो दिवस. पण तारखेला कुणाला जमत नाही, म्हणून जवळचा रविवार. तरी निम्म्या लोकांचं लक्ष उसाकडं. टोळी कधी येणार, तोड कधी मिळणार. मग पेन्शन, स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवरचा हयातीचा दाखला, कुणाचे गुडघे. पुढच्या खुर्च्या जमालपूरवाल्यांच्या. बांगलादेशच्या लढाईत ११ डिसेंबर १९७१ ला जमालपूर घेतलं तेव्हा पोरं होती ती. आता दोघेच येतात, काठी टेकत. त्यातल्या एकाचं मेडल उलटं लागलं होतं, नातवानं ते सरळ केलं तर म्हणाले, "राहू दे रे, उलटं असलं तरी माझंच हाय."

तुझं सगळ्यांना सांगितलं. म्हणजे कुणी विचारलं नाही तरी सांगितलं. आमचे जुने कंपनी कमांडर म्हणाले, "हवालदार, सप्टेंबरात लेक ट्रेनिंग संपवून ऑफिसर झाली की तिला कडक सॅल्यूट ठोकायचा बरं का." मी म्हटलं, साहेब, आत्तापासूनच घरात आवाज चढवायची सोय राहिली नाही. सगळे हसले. घरी येऊन तासाभरातच तुझ्यावर आवाज चढवला, ते सोड.

मग नावं वाचली. नंबर, रँक, नाव. टीएच्या, म्हणजे टेरिटोरियल आर्मीच्या पोरांनी बिगुलावर लास्ट पोस्ट वाजवलं. दोन मिनिटांच्या शांततेत कुणाचा तरी मोबाईल वाजलाच, दर वर्षी वाजतो. सदाचं नाव आलं की मी बुटाच्या टोकाकडं बघतो.

सदाकाकाचा फोटो तू पाहिलायस, पण त्याचं कधी सांगितलं नाही. लोकांना वाटतं गोळी लागली. १९९८ साली आम्ही वर चाललो होतो. उंचीवर चढायचे टप्पे असतात. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, पंधरा हजारांपर्यंत चार, त्याच्या वर आणखी चार. सुरुवातीचे दोन दिवस तर नुसता आराम. रक्ताला कमी हवेची सवय व्हावी म्हणून. सदा शेवटच्या टप्प्यात खोकायला लागला. डोकं दुखतंय हे मला सांगितलं, डॉक्टरला नाही. रिपोर्ट केलं तर खाली पाठवतील, बरोबरीची पोरं पुढं जातील. "सर्दी हाय रं," म्हणाला. रात्री बसून राहिला, आडवं होता येईना. पहाटे ओठ निळे, तोंडात गुलाबी फेस. फुप्फुसात पाणी भरतं. त्याला ऑक्सिजन आणि लगेच खाली नेणं, एवढाच उपाय. त्या दिवशी हवामान असं, की हेलिकॉप्टर आलं नाही. हजार-दोन हजार फूट आदल्या दिवशी उतरला असता तर आज उसाच्या टोळीची वाट बघत बसला असता.

त्याची आई काल आली होती. साडी-नारळ घेतला आणि दर वर्षीसारखं माझ्याजवळ येऊन बसली. दर वर्षी एकच विचारते, "आदल्या राती जेवला हुता न्हवं?" मी सांगतो, हो आक्का, खिचडी खाल्ली पोटभर. खाल्ली नव्हती. ताट माझ्याच हातात दिलं होतं त्यानं. खोटं बोलू नको म्हणून तुला फोनवर सुनावणारा मी.

तर तुझा फोन असा आला. आणि आईला तुझ्या रूममेटकडून कळलेलं, की सुजलेला घोटा बांधून तू दहा किलोमीटर पळालीस. एमआय रूमला, तिथल्या दवाखान्यात, गेली असतीस तर काय झालं असतं? रेलिगेट झाली असतीस, सहा महिने मागं. सहा महिने म्हणजे काय गं? माझी बढती दोन वर्षं मागं पडली होती, मेलो का? दुखणं लपवणं ही बहादुरी नव्हे. उद्या तुझ्या हाताखाली तीस जवान असतील, तेही तुझं बघून लपवतील, मग त्यांच्या आया...

हे बघ, झालं सुरू. माफ कर. तुझे मार्क, तुझी मेहनत, सगळं ठाऊक आहे मला. आमच्या अख्ख्या भावकीत ऑफिसर कुणी झालं नाही.

आठवीत शिवाजी स्टेडियमवर पाय मुरगळला तेव्हाही तू कुणाला सांगितलं नव्हतंस. सायकल मारत घरी आलीस, मोजा काढेना झालीस. आज्जीनं रात्री झोपेत काढला आणि आंबेहळदीचा लेप लावला. मी तेव्हा सुट्टीवर होतो. तू जागी होतीस, हे मला दिसत होतं. डोळे घट्ट मिटून पडली होतीस. मला त्याचं कौतुक वाटलं आणि मी आत्तीला फोन करून सांगितलंसुद्धा, माझ्यावर गेलीय म्हणून.

पार्सल उद्या टाकतो. शेंगदाण्याची चटणी आईची, क्रेप बँडेज माझं. पिंट्याचा दहावीचा अभ्यास चालू आहे म्हणे.

रविवारी फोन केलास की आधी आईशी बोल. मग मला दे. बाकी काही विचारणार नाही, फक्त डावा की उजवा ते सांग. आठवीत डावा होता.

तुझा,
आबा