मोरीत वाहून जाणाऱ्या वस्तूला कमी पैसे

अमळनेर

चि. स्नेहल हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी दुकानात बसून नीट वाचली. "पप्पा, पहिल्या पगारातून यातलं काय भारीतलं घेऊ आणि कुठे पैसे वाचवू?" असं विचारलंस ते मला फार आवडलं. कटलरीच्या काउंटरमागे माझं आयुष्य गेलं, पण असं कोणी विचारत नाही. गिऱ्हाईक एकतर 'सगळ्यात भारी दाखवा' म्हणतं, नाहीतर 'स्वस्तातलं द्या'. माझा हिशेब असा आहे: जी वस्तू चेहऱ्यावर तासन्‌तास राहते तिच्यावर विचार करून खर्च करायचा आणि जी मोरीत वाहून जाते तिला कमीत कमी पैसे द्यायचे.

म्हणून तो महागडा फेसवॉश आधी काढून टाक. अर्ध्या मिनिटात धुऊन जाणाऱ्या वस्तूत कितीही व्हिटॅमिन घातलं तरी ते पाण्याबरोबर जातं. साधा, सौम्य, धुतल्यावर गाल ओढल्यासारखे न करणारा फेसवॉश पुरे. अंगाचा साबण मात्र चेहऱ्याला नको. विप्रोची सुरुवात १९४५ साली आपल्याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली आणि आज संतूर त्यांचाच, याचा मला अभिमान आहे. पण साबण कोणाचाही असो, तो अल्कलीयुक्त असतो आणि चेहऱ्याची कातडी कोरडी करतो.

आता सनस्क्रीन. इथे हात आखडू नकोस. पण पैसे ब्रँडवर नाही, मापावर घालायचे. एसपीएफ म्हणजे उन्हापासून बचावाचा आकडा. तो ३० असेल तर कातडी भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांतले साधारण ९७ टक्के अडतात आणि ५० असेल तर ९८. पुढच्या मोठमोठ्या आकड्यांसाठी जास्त पैसे देऊन फारसं काही हाती लागत नाही. डब्यावर पीए+++ ही यूव्हीए किरणं अडवण्याची खूण आहे ना, तेवढं बघ, कारण ती किरणं ऑफिसच्या काचेतूनही आत येतात आणि डाग त्यांनी गडद होतात. एसपीएफचा आकडा काढताना चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून तपासतात. चेहरा आणि मानेसाठी ते माप म्हणजे दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत भरगच्च रेघ. या मापाने ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावून दीड महिन्यात संपायला हवी. बायका हजाराची ट्यूब घेतात आणि महाग म्हणून ज्वारीच्या दाण्याएवढी लावतात. ती वर्षभर पुरते, पण काम करत नाही. त्यापेक्षा चारशेची घे आणि सढळ हाताने लाव. उन्हात राहिलीस तर दर दोन तासांनी पुन्हा. स्कूटीवर स्टोल बांधतेस तो बांधतच राहा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा निंदणी-कापणीच्या बायांच्या डोक्याचा आणि तोंडाचा रुमाल जे करतो, ते कुठल्याच ट्यूबला पूर्णपणे जमत नाही.

मॉइश्चरायझर तासन्‌तास राहणारी वस्तू असली तरी त्यात खर्चाचं कारण नाही. ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली या दोन्ही गोष्टी स्वस्त आहेत आणि कामाच्या आहेत. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत गालफडं फुटतात तेव्हा दुकानातून याच जातात. तुझी त्वचा तेलकट आहे, तर दिवसा जेल स्वरूपाचं साधं घे.

व्हिटॅमिन सी सीरम आत्ता नको. शुद्ध व्हिटॅमिन सी हवा, उजेड आणि उष्णता यांनी खराब होतं. रंग तपकिरी झाला की त्याचा उपयोग संपला. मे महिन्यात माझ्या शोकेसमधल्या लिपस्टिकला घाम सुटतो, अंगावर तेलाचे बारीक थेंब उभे राहतात, ते तू लहानपणी बोटाने पुसायचीस. त्याच उन्हात कुरिअरच्या टेम्पोत फिरून आलेल्या नाजूक बाटलीला मी तुझे अडीच हजार देऊ देणार नाही. पुढे कधी घ्यावंसं वाटलं तर थंडीत घे, गडद काचेची छोटी बाटली घे.

मेकअपमध्ये फाउंडेशन सोडलं तर बहुतेक ठिकाणी वाचव. नेलपेंट, आयशॅडो, एका लग्नासाठी घेतलेली लिपस्टिक हे सगळं कमी पैशात चांगलं मिळतं. मस्कारा तर उघडल्यापासून तीन महिन्यांत टाकायचाच असतो, डोळ्याचा प्रश्न आहे. तू लिहिलेला लँकोमचा मस्कारा आणि माझ्या दुकानातला मेबलिनचा, या दोन्ही लॉरिअलच्याच मालकीच्या कंपन्या आहेत. मेबलिन त्यांनी १९९६ साली विकत घेतली. तेव्हा फेकायच्या वस्तूसाठी लँकोम कशाला? ब्रश मात्र एक चांगला घे. धुऊन ठेवलास तर वर्षानुवर्षं टिकतो.

टिकलीचं तुला छोटं वाटेल, पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या एका जुन्या गिऱ्हाईक ताईंनी एकदा काउंटरवरच टिकली काढून दाखवली. खाली टिकलीच्याच मापाचा पांढरा गोल होता, कडा अगदी कोरून काढल्यासारख्या. कोड झालं म्हणून घरात रडारड सुरू होती. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे टिकलीच्या गोंदामुळे आहे. काही गोंदांत पॅरा टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचं रसायन असतं, ते त्वचेचा रंग बनवणाऱ्या पेशींना मारतं. ना कंपनी, ना पत्ता अशी पाकिटं मी ठेवतच नाही. तूही रूमवर जाताना गाड्यावरून घेऊ नकोस. झोपताना टिकली काढ, आणि जरा जरी खाज आली तर ती टिकली कायमची बंद कर.

आणि आता तुझ्या मावशीने सुचवलेली ती ट्यूब. 'लग्नाआधी दोन महिने लाव, उजळशील' असं म्हणाली ना? माझ्याकडेही रोज कोणी ना कोणी येतं, "भाऊ, गोरी व्हवानी ट्यूब शे का?" मी नाही म्हणतो, ते पुढच्या दुकानात जातात. अशा ट्यूबमध्ये अनेकदा मोमेटासोन, बीटामेथासोन नाहीतर क्लोबेटासोल असतं, म्हणजे स्टेरॉइड. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा खरंच चमकतो, म्हणूनच माणूस फसतो. मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, केस वाढतात. बंद केलं की सगळं दुपटीने उसळतं, म्हणून पुन्हा तीच ट्यूब लावावी लागते. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. बिनलेबलच्या डबीतल्या क्रीमचा धोका आणखी वेगळा. त्यात पारा असू शकतो आणि तो किडनीवर जातो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात असे रुग्ण सापडले. मावशीचं मन मोडेल म्हणून गप्प राहू नकोस, मी तिच्याशी बोलतो. तुझ्या रंगात मला किंवा तुझ्या आईला काही कमी दिसत नाही, आणि ज्याला दिसेल त्याच्या घरी तुला द्यायचंच नाही.

गालावरच्या डागांसाठी पुण्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. सीरमचे वाचलेले पैसे त्यांच्या फीला लाव. ते लिहून देतील ते औषध बहुधा त्या सीरमपेक्षा स्वस्तच असेल. नवीन काहीही आणलंस तर आधी कानामागे लावून दोन दिवस बघ. पाकिटावर बॅच नंबर, उत्पादनाचा परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली नसेल तर पैसेच देऊ नकोस.

काजळ आणि नेलपेंट मी आखाजीच्या सणाला आलीस की दुकानातूनच देतो, त्याला पैसे घालवू नकोस. फाउंडेशन मात्र इथून पाठवता येणार नाही. ते तूच दुकानात जाऊन जबड्याच्या कडेला लाव, ट्यूबलाइटखाली ठरवू नकोस, बाहेर उजेडात येऊन आरशात बघ, आणि दिसेनासं झालं तरच घे. ते हजार-बाराशेला पडलं तरी चालेल.

तुझे,
पप्पा