सूट घराला द्या, बिल्डरला नको

संपादक महोदय,

परवडणाऱ्या भाड्याची घरे बांधणाऱ्या बिल्डरांना मालमत्ता करात सूट द्यावी, असा आग्रह अधूनमधून कानावर येतो आणि दाखला हमखास न्यूयॉर्कचा दिला जातो. तिथे '421-ए' या नावाची अशी सूट 1971 पासून होती. 2022 मध्ये तिची मुदत संपली आणि 2024 मध्ये ती वेगळ्या क्रमांकाने परत आली. पण तिथे भाड्याची अख्खी इमारत वर्षानुवर्षे एकाच मालकाकडे असते आणि कराचे बिलही त्यालाच येते, हे सांगायचे राहून जाते. आपल्याकडचा बिल्डर भोगवटा पत्र हातात पडले की फ्लॅट विकून मोकळा. पुढची सगळी बिले फ्लॅटधारकांच्या नावाने निघतात. जो कर त्याला भरायचाच नाही, तो माफ करून तो भाडे कशाचे कमी ठेवणार?

पुण्यात भाड्याची घरे बिल्डर चालवत नाहीत. ती चालवतो दुसरा फ्लॅट घेऊन ठेवलेला नोकरदार, पेन्शनर किंवा परदेशात असलेल्या मुलाचे आई-वडील. आणि नेमक्या याच घरांवर आपण जास्त कर लावतो. स्वतः राहत असलेल्या घराला महापालिका 1970 पासून 40 टक्के सवलत देते. 2019 मध्ये राज्य सरकारने ती काढली, बरीच ओरड झाल्यावर 2023 मध्ये परत दिली. त्यासाठी पीटी-3 अर्ज भरायचा आणि आपण तिथेच राहतो याचा पुरावा जोडायचा. भाडेकरू ठेवला की सवलत गेली. म्हणजे एकाच मजल्यावरच्या दोन सारख्या फ्लॅटांपैकी मालक राहतो त्याला 60 रुपये पडत असतील, तर भाडेकरू राहतो त्याला 100. वरचे 40 कोणाच्या खिशातून जातात हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीचा मी सचिव. अर्ज भरायची गडबड सुरू होती तेव्हा एक फ्लॅटमालक 'स्वतः राहतात' असे पत्र मागायला आले. राहायला ते बाणेरला. इथल्या वन बीएचकेमध्ये खासगी रुग्णालयातल्या एक नर्स, त्यांचे यजमान आणि शाळेत जाणारी मुलगी. "काका, सही करून टाका, कोण बघतंय?" मी सही केली नाही. अकरा महिन्यांचा करार संपल्यावर भाडे वाढले, आणि ते का वाढले हे त्या गृहस्थांनी नर्सबाईंना माझे नाव घेऊन सांगितले! नियमाने मी बरोबर होतो. पण त्या घराला थोडीतरी सवलत असती तर मालकाला खोटे पत्र मागावेसे वाटले नसते.

बिल्डरला आधी काहीतरी द्यायचे आणि मग भाड्याच्या घरांची वाट बघायची, हे राज्यात करून झाले आहे. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) 2008 मध्ये भाड्याच्या घरांची योजना आणली. बिल्डरला चार एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकामाची परवानगी, बदल्यात 160 चौरस फुटांची घरे. पुढे पनवेलजवळच्या कोन इथली अशी घरे सोडत काढून गिरणी कामगारांना मालकी हक्काने विकली गेली. कामगारांना घरे मिळाली याचा आनंदच आहे, पण भाड्याची घरे कुठे गेली? न्यूयॉर्कमध्येही त्या भागातल्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबे ज्याहून कमी कमावतात) 130 टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्यांसाठीची घरे 'परवडणारी' या सदरात बसवली गेली होती. व्याख्या सैल ठेवली की असेच होणार.

माझी सूचना साधी आहे. महापालिकेने प्रत्येक भागासाठी दरवर्षी भाड्याची कमाल मर्यादा जाहीर करावी. धायरी-आंबेगावची वेगळी, खराडीची वेगळी. त्या मर्यादेच्या आत नोंदणीकृत करार असेल, तर त्या घराला मालक राहतो तेवढीच, म्हणजे 40 टक्के सवलत द्यावी. करार संपला किंवा भाडे मर्यादेबाहेर गेले की सवलत बंद. माहिती गोळा करायला नवे खाते नको. लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा) करार नोंदवावाच लागतो आणि तो ऑनलाइनही नोंदवता येतो, त्यात भाडे आणि डिपॉझिट दोन्ही आकडे असतात, आणि त्यावरच सरकार पाव टक्का मुद्रांक शुल्क घेते. तो आकडा नोंदणी विभागाकडून करआकारणी विभागाकडे जायला हवा, एवढेच. एखाद्याला खरोखरच अख्खी इमारत स्वतःकडे ठेवून भाड्याने चालवायची असेल, तर त्यालाही हीच सवलत याच अटीवर, दरवर्षी करार दाखवून मिळावी. पंचवीस-तीस वर्षांची माफी एकदम नको.

पळवाट मला दिसते. कागदावर दहा हजार, वरचे चार हजार रोख. म्हणून सवलत हवी असेल तर भाडे बँकेतूनच घेण्याची अट घालावी आणि अर्जावर भाडेकरूचीही सही असावी. तरी काही जण फसवतील, पण आजही खोट्या पत्रांवर सवलत लाटली जातेच. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, महापालिकेच्या हातात मालमत्ता कर हाच मोठा कर उरला आहे हे मान्य. त्यामुळे सुरुवातीला ही सवलत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांनाच द्यावी. मुंबईत तेवढ्या घरांचा मालमत्ता कर 2022 पासून माफच आहे. पुढच्या वर्षीची बिले निघण्याआधी पीटी-3 अर्जात भाड्याच्या घरासाठी एक रकाना वाढवता येईल का, याचे उत्तर करआकारणी विभागाने द्यावे.

– एका गृहरचना संस्थेचा सचिव, सिंहगड रस्ता, पुणे