फौजी माणसाची मध्यस्थी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

तंटामुक्ती समितीचं अध्यक्षपद घ्या म्हणून सरपंच घरी येऊन गेले आणि बाबांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं, हे आईकडून कळलं. "मी फौजी माणूस. हुकूम द्यायचा नाहीतर पाळायचा, मध्यस्थी आपलं काम नव्हे." बाबा, सुभेदार म्हणून पेन्शनीत आलात तेव्हापासून हे वाक्य ऐकतेय. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहायला बसले.

जनरल थिमय्यांचं नाव निघालं की तुम्ही काश्मीरमधल्या झोजिला खिंडीचंच सांगता. नोव्हेंबर १९४८, साडेअकरा हजार फुटांवर रणगाडे चढवले, शत्रूला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ते थोरच. पण मला त्यांची पाच वर्षांनंतरची कामगिरी जास्त अवघड वाटते.

जुलै १९५३ मध्ये कोरियातलं युद्ध थांबलं, पण मायदेशी परत जायला तयार नसलेल्या कैद्यांचा प्रश्न उरला. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे असे बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन, तर पलीकडच्या चीन-उत्तर कोरियाकडे ३५९. त्यांची सोय लावायला तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला आणि अध्यक्षपद भारताकडे, म्हणजे थिमय्यांकडे आलं. सोबत स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया. दोघं एका गोटाकडे झुकलेले, दोघं दुसऱ्या. प्रत्येक वादात निर्णायक मत अध्यक्षाचं, म्हणजे प्रत्येक वेळी कोणीतरी नाराज होणारच.

कैद्यांना सांभाळायला गेलेल्या भारतीय फौजेचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत हे दोघं एकाच ब्रिगेडमध्ये आपापली बटालियन घेऊन लढलेले, दोघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळालेलं. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायलाच नकार दिला, तेव्हा जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरनं थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. पाहुणचाराची सुरुवात अशी! छावणीला नाव दिलं हिंद नगर.

तिथं एकदा कैद्यांनी आपल्या एका मेजरलाच आत ओढून ओलीस धरलं. बाहेर बंदुका होत्याच. गोळीबार केला असता तर मेजर गेला असता, कैदी मेले असते आणि आयोगही तिथंच संपला असता. थोरात स्वतः आत गेले, त्या खवळलेल्या जमावाशी बोलले आणि मेजरला घेऊन बाहेर आले. बाबा, याला तुम्ही काय म्हणाल, हुकूम की मध्यस्थी?

निकाल मात्र चोख लागला नाही. परत चला म्हणून समजावायला आलेल्या त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींचं म्हणणं बहुतेक कैद्यांपर्यंत पोचलंच नाही. मुदत संपत आली तेव्हा थिमय्यांनी, जानेवारी १९५४ मध्ये, कैदी ज्यांच्याकडून घेतले होते त्यांच्याच हवाली केले. दोन्ही बाजू चिडल्या. कुठंच जायचं नसलेले ८८ जण आपल्या फौजेबरोबर भारतात आले. माझ्या मते थिमय्यांनी केलं ते बरोबर होतं, कारण अधिकार नसताना कैद्यांना मुक्त जाहीर करणं सोपं होतं आणि घातकही.

गंमत म्हणजे परक्यांना सांभाळणाऱ्या या माणसाचं घरच्या मंत्र्याशी जमलं नाही. लष्करप्रमुख असताना १९५९ मध्ये संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी खटके उडाले, थिमय्यांनी राजीनामा दिला आणि नेहरूंच्या सांगण्यावरून मागेही घेतला. तो मागे घ्यायला नको होता, असं मला वाटतं. तुमचं मत वेगळं असेल, ते माहीत आहे.

निवृत्तीनंतर त्यांना आराम करता आला असता. पण १९६४ मध्ये सायप्रसला गेले, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख म्हणून. तिथं भांडण ग्रीक आणि तुर्की सायप्रियटांचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजाऱ्यांचं. अगदी आपल्या बांधाच्या भांडणासारखं, फक्त हातात बंदुका. १८ डिसेंबर १९६५ रोजी कामावर असतानाच त्यांचं निधन झालं. सायप्रसनं त्यांच्या नावानं टपाल तिकीट काढलं, आणि तिथल्या लार्नाका शहरात त्यांच्या नावाचा रस्ताही आहे.

तेव्हा बाबा, सरपंच पुन्हा आले तर निदान ऐकून तरी घ्या. गुडघ्यांचं कारण सांगितलंत तर मी गप्प बसेन. आई, फौजी असल्याचं कारण पुन्हा पुढं केलं, तर हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

तुमची,
धाकटी