दिन्या, ते वाक्य माझंच होतं

४ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिन्या,

सप्रेम सलाम.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, मेसेजला नुसता अंगठा. शिव्या घालायच्या तर घालून घे. माझी तब्येत बरी आहे, साखर आहे तिथेच आहे, हिचे गुडघे हिच्याच मर्जीने चालतात. झालं तब्येतीचं. आता पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बस, कारण पत्र लांबणार आहे आणि मध्येच तुला ते फाडावंसं वाटणार आहे.

परवा रविवारी उपासना सुटल्यावर कमिटीची बैठक होती. विषय दोन: मागच्या शेडचे पत्रे आणि शब्बाथशाळेचा, म्हणजे पोरांच्या रविवारच्या धर्मवर्गाचा, प्रमुख. पत्र्यांवर आम्ही तासभर भांडलो. निळे की पांढरे, यावर दोघांनी राजीनामे देऊन परत घेतले. तू असतास तर पत्र्याशिवायचं शेड सुचवलं असतंस. दुसरा विषय पाच मिनिटांत उरकेल असं वाटत होतं, कारण नाव एकच होतं. पेटीवाली. घंटेवाल्या मामांची नात रे, तिच्या बारशाला आपण दोघांनी मिळून अख्खी परात संपवली होती. ती आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. अकरा वर्षं दर रविवारी आठच्या आत येऊन दार उघडते, तीस-चाळीस पोरं सांभाळते, मग धावत येऊन उपासनेला पेटी धरते.

अण्णा उठले. हातात वर्तमानपत्राचं कात्रण, चार घड्या घातलेलं. गेल्या नोव्हेंबरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. पुदुच्चेरीतली बाई, बाप्तिस्मा झालेला, चर्चला जाणारी, नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दाखला मागत होती. न्यायालयाने दिला नाही, आणि केवळ आरक्षणासाठी असं करणं म्हणजे राज्यघटनेची फसवणूक असंही म्हटलं. अण्णांनी ते सगळं वाचून दाखवलं, स्वल्पविरामांसकट. मग म्हणाले, "बाईंच्या दाखल्यावर काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. हिंदू मांग. सोमवार ते शनिवार हिंदू, आणि रविवारी आमच्या पोरांना येशू शिकवणार?" एवढ्यावर थांबले असते तर मीही कदाचित चहा ढवळत बसलो असतो. पण ते माझ्याकडे वळले. "आपल्या खजिनदारांनीच एकदा याच खोलीत सांगितलं होतं, यहूदाला तीस नाणी एकदाच मिळाली, यांना दर महिन्याच्या एक तारखेला मिळतात."

दिन्या, ते वाक्य माझंच.

१९८९. तरुण संघाची सभा. तू मागच्या बाकावर, खिडकीपाशी. मी नाव घेतलं नव्हतं, एवढा मी सज्जन. गरजही नव्हती म्हणा, पाटबंधाऱ्यातल्या राखीव जागेची ऑर्डर घेऊन तू त्याच आठवड्यात सगळ्यांना पेढे वाटले होतेस. त्यातले दोन मी खाल्ले होते. टाळ्या पडल्या, आणि खोटं कशाला बोलू, त्या टाळ्या मला बरेच दिवस गोड लागल्या. तू सभा संपायच्या आत उठून गेलास, आणि पुढल्या महिन्यात नागपूर. त्यानंतर आपण लग्नांत भेटलो, मातीला भेटलो, दोन-तीन वेळा पोटभर हसलोही. हा विषय तू काढला नाहीस आणि मी काढू दिला नाही. छत्तीस वर्षं मी धरून चाललो होतो की तू विसरलास. अण्णासुद्धा विसरले नाहीत रे! लोकांना आपलं चांगलं भाषण आठवत नाही, हे मात्र पाठ.

तुला कायदा मी काय सांगायचा, अनुसूचित जातीत कोणत्या धर्माचे धरायचे ते ठरवणाऱ्या त्या १९५०च्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाबरोबर तू संसार केलास. आधी फक्त हिंदू, मग १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध, आपण अजून दाराबाहेर. तुझ्या चुलत्यांकडच्यांनी दीक्षा घेतली, त्यांना केंद्राने नव्वद साली आत घेतलं. एकाच आजाची नातवंडं, एकाच आडावरून हाकललेली. तू तेव्हाच म्हणाला होतास, "आडावर मला कुणी विचारलं नाही, तू कोणत्या देवाला मानतोस." यावर मी काय उत्तर दिलं ते आठवतंय? मी तुला बायबलातलं याकोबाचं पत्र ऐकवलं. २००७ला रंगनाथ मिश्र आयोगाने ती धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, २०२२ला बालकृष्णन आयोग नेमला. आयोग येताहेत, आपले केस जाताहेत.

आणि मी कोण होतो बोलणारा? मला नोकरी मिशनच्या शाळेत लागली. वडील बोर्डिंगचे वॉर्डन, मुख्याध्यापक त्यांचे विद्यार्थी. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'इंडियन ख्रिश्चन' लिहिलेलं आहे आणि ते कुठल्या खिडकीवर कुणी विचारलंच नाही. माझी निष्ठा मला फुकटात पडली, दिन्या. तुझे वडील त्या वर्षी अंथरुणाला खिळलेले, खाली तीन बहिणी. हे मला माहीत होतं. तरी मी तुझा हेतू तपासला आणि त्यात मला चांदी सापडली.

आता अण्णांबद्दल ऐक. लगेच दात ओठ खाऊ नकोस, मीही आधी तेच केलं. त्यांच्या थोरल्याला बी.एस्सी.ला चांगले मार्क होते. तालुक्याचे दोन जण सांगायला आले होते, दाखला काढून देतो, कुठे काही विचारत नाहीत. अण्णा म्हणाले, आमच्या तीन पिढ्यांनी शाळेच्या पटावर ख्रिस्ती लिहिलंय, मी खोडणार नाही. पोरगं आज टेम्पो चालवतं. कांदा भरून पहाटे तीनला निघतं. अण्णा जेव्हा पेटीवालीकडे बघतात तेव्हा त्यांना तो टेम्पो दिसत असणार. या माणसाने किंमत मोजली आहे. मी मोजली नव्हती आणि तरी तेच वाक्य बोललो होतो. म्हणजे वाक्य एकच, पण अण्णांच्या तोंडी त्याला थोडा तरी अधिकार आहे. हे मला फार टोचलं.

बैठकीत दुसरंही एक होतं, जे कुणी बोललं नाही. ती डाव्या आळीची. आपल्याकडे अजून लग्नं कशी जुळतात, उजव्या बाजूच्या बाकांवर कोण बसतं, ते तुला सांगायला नको. पाळकसाहेब प्रभुभोजनाच्या वेळी 'आपण सर्व एकाच भाकरीचे' म्हणतात आणि आपण सर्व एका भाकरीकडे दोन रांगांनी जातो. तेव्हा माझ्या मनात आलं, यांचं खरं दुखणं दाखला नाहीच, ती मांगाची आहे म्हणून चाललंय हे. असं वाटल्यावर मला मोठी धार चढली. उठून तोंडावर सांगावं असं झालं. आणि तेवढ्यात लक्षात आलं, अरे, मी पुन्हा तेच करतोय. तेव्हा तुझ्या काळजात हात घातला, आता अण्णांच्या. खोड जात नाही. बरं, आळीचा संशय खोटा आहे असंही मी म्हणत नाही. फक्त अण्णांच्या मनात टेम्पो किती आणि आळी किती, याचं माप माझ्या तराजूत निघत नाही.

पाळकसाहेब नवीन आहेत, तरुण, वाचतात. त्यांनी नारायण वामन टिळकांचा दाखला दिला (हा दुसरा दाखला, हसू नको). १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही ख्रिस्तशिष्य एकत्र. तिचा तर बाप्तिस्माही झालेला आहे, मग आपण टिळकांच्याही मागे जायचं का? मुद्दा बिनतोड होता. अण्णा बसल्या जागेवरून म्हणाले, "टिळक ब्राह्मण होते साहेब, त्यांना दाखला लागत नव्हता." सगळी खोली हसली. पाळकसाहेबही हसले, आणि तिथेच त्यांचा मुद्दा वाहून गेला.

मला बोलायचं होतं. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातला प्रेषित पौल आठवत होता. स्वतः कैदेत आणि बाहेर काही जण हेव्याने, त्याला जळवायला म्हणून सुवार्ता सांगताहेत. त्यांचा हेतू वाईट आहे हे त्याला पक्कं कळलंय, तरी म्हणतो, निमित्ताने असो की खरेपणाने, ख्रिस्ताची घोषणा होते ना, मला आनंद आहे. आणि तुमच्या नागपुरात २९ नोव्हेंबर १९७०ला सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी झाली, तेव्हा लहानपणी पाणी शिंपडलेले आणि मोठेपणी बुडवलेले, एकमेकांना शतकभर नाकं मुरडणारे, दोघांनाही एका छपराखाली जागा झाली. तेव्हा आपण पाच वर्षांचे. हे सगळं जिभेवर होतं. आणि आजीच्या गोष्टीतला पणजोबाही.

ती गोष्ट तुला तोंडपाठ आहे. छप्पनच्या, म्हणजे १८९९-१९००च्या, दुष्काळात पणजोबा खडी फोडायच्या कामावर होता, मिशनच्या धान्यावर घर जगलं, आणि पाद्रीसाहेबाने विचारलं, तुला ख्रिस्ती का व्हायचंय? आजी चिडलेली असली की पणजोबा म्हणायचा, "साहेब, भूक लागलीय." आजी खुशीत असली की म्हणायचा, "तुमच्यातला एक जण आमच्या ओसरीवर बसून जेवला." लहानपणी आपण भांडायचो, खरं कोणतं. तू भुकेच्या बाजूने, मी ओसरीच्या. गावाने पणजोबाला आयुष्यभर 'पोटाचा ख्रिस्ती' म्हणून हिणवलं. पोटासाठी आत आला म्हणून पणजोबाच्या तोंडावर थुंकले, आणि पोटासाठी कागदावर बाहेर राहिली म्हणून आम्ही त्या मुलीच्या. आमच्या घराण्याचं पोट कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यावर येतंच.

यातलं एक अक्षर मी बोललो नाही. मी काय केलं सांगू? "विषय पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब ठेवावा," अशी सूचना मांडली. एकमताने मंजूर. गेल्या दहा वर्षांत एकमताने मंजूर झालेली माझी ही पहिली सूचना.

बाहेर आलो तर ती वर्गाच्या दारात उभी. मधल्या भिंतीची आपली फळ्यांची पार्टिशन अजून तीच आहे, जिच्यातून आपण वॉर्डनांचं घोरणं मोजायचो. म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं. मला म्हणाली, "काका, नाताळच्या चांदण्यांना कार्डशीट आणले, दोनशे चाळीस झाले. पावती लावलीय." मी सही केली. पेन चालेना, तिनेच दिलं.

रात्री पाळकसाहेब घरी आले आणि त्यांनी आणखी एक गाठ मारून दिली. म्हणाले, समजा तिला निवडलं, तर नाव वार्षिक अहवालात छापायचं, फळ्यावर लिहायचं. उद्या तो कागद कुणी जात पडताळणी समितीकडे पाठवला तर? नोकरी जाईल. म्हणजे तिला जवळ घ्यायचं तर तिचं नाव कुठे लिहायचं नाही. आपण दार उघडायचं आणि आत आलेल्या माणसाला म्हणायचं, तू आलीच नाहीस. हे तू किती वर्षं केलंस रे? नागपुरात तू कोणत्या बाकावर बसायचास, की जातच नव्हतास, हे मी तुला कधी विचारलं नाही.

त्या रात्री झोप लागली नाही आणि बोर्डिंगमधलं हंगामाच्या सणाचं नाटक आठवत राहिलं. तू नामान, तो कोड फुटलेला सेनापती, अंगाला चुना फासून, हौदात सात डुबक्या, सहाव्या डुबकीला सर्दी. मी त्याला बरं करणारा संदेष्टा अलीशा, वडिलांचं धोतर आणि कापसाची दाढी. शेवटचा प्रवेश आठवतो? बरा झालेला नामान म्हणतो, आता मी तुमच्याच देवाला मानणार, पण माझा धनी आमच्याकडच्या रिम्मोन देवाच्या देवळात माझ्या हातावर टेकतो, तेव्हा मलाही वाकावं लागेल, नोकरीच तशी आहे, तेवढ्याची क्षमा असो. आणि अलीशा त्याला दटावत नाही, काही समजावत नाही. दोनच शब्द, "शांतीने जा." तालमीला मी ते दर वेळी विसरायचो आणि तू पडद्याआडून शिव्या देऊन आठवण करायचास. नाटकाच्या दिवशी मात्र बरोबर म्हणालो होतो. खऱ्या वेळी विसरलो.

पुढची बैठक १६ तारखेला, रविवारी. मी काय बोलायचं ते जमवतोय. आधी स्वतःचं वाक्य परत घ्यायचं, मोठ्याने, त्याच खोलीत, हे ठरलंय. पण ते घेताना तुझं नाव घेऊ का? घेतलं तर तुझं जुनं पुन्हा उघडं पडेल, पेन्शन चालू आहे, आणि उगाच कुणाला काही सुचायला नको. न घेता बोललो तर ती माफी कुणाची मागतोय हे कळणार नाही. तू सांगशील तसं. नको म्हणालास तर नको. आणि अण्णांना दुखवायचं नाही, टेम्पोवाल्यासमोर तर नाहीच. तो दर शनिवारी देवळाचं अंगण झाडून जातो, बापाला न सांगता.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? नातू चालायला लागला असेल. जावयाच्या बदलीचं पुढे काय झालं ते तू लिहिलं होतंस आणि मी विचारलंही नाही, आता कळव. नागपूरची संत्री पाठवू नकोस, साखर.

फोन कर. शिव्यांसाठी केलास तरी उचलेन.

तुझा,
बाब्या

ता.क. पत्रे काढताना शेडच्या माळ्यावर तुझ्या सायकलचा डायनॅमो सापडला. चाळीस वर्षं तू म्हणत होतास की मी चोरला, आणि मी शपथा घेत होतो. मीच ठेवलेला दिसतोय.