ऑर्किडची कुंडी बदलायला शिकवणाऱ्या काकूंना

ती. काकू,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. भेट मिळालेलं फेलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड फुलं गळून गेल्यावर ज्यांच्या खिडकीत नुसतं उभं आहे, त्यांच्याही उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी आभार, ते तुम्ही कुंडी मला बदलून दिली नाहीत म्हणून. तुमच्या हातून काम चुटकीसरशी उरकलं असतं. पण तुम्ही कात्रीच माझ्या हातात दिलीत, तीही पाती ज्योतीवर तापवून, कारण एका झाडाचा विषाणू कात्रीवाटे दुसऱ्यात जातो. आदल्या दिवशी पाणी घालायला लावलंत. त्याने मुळं लवचिक होतात आणि काढताना मोडत नाहीत.

कुंडीतून झाड निघालं तेव्हा वरचे बार्कचे, म्हणजे मातीऐवजी भरलेल्या झाडाच्या सालीचे, तुकडे चांगले खणखणीत होते आणि मधोमध काळा, ओला भुगा. बार्क साधारण दोन वर्षांत कुजायला लागतो, मग त्यात पाणी साचतं आणि हवा खेळत नाही. रानात झाडाच्या खोडाला धरून वाढणाऱ्या मुळांना हे कसं सोसणार?

मग तुम्ही एकेक मूळ चिमटीत धरून बघायला सांगितलंत. रंगावर जायचं नाही, हे तुमचं सांगणं मला फार मोलाचं वाटतं. कुंडीच्या आतली मुळं उजेडाअभावी पिवळट असतात, बार्कच्या रंगाने तपकिरीही होतात, पण दाबून घट्ट लागली तर ती जिवंत. बोटाखाली पचकतं, ओढलं की वरचं आवरण मोज्यासारखं निघून हातात नुसती दोरी उरते, ते कापायचं. जिवंत मुळावरचं तेच आवरण कोरडं असताना चंदेरी दिसतं आणि पाणी शोषलं की पारदर्शक होऊन आतला हिरवा रंग दाखवतं. पाणी कधी घालायचं याचं याहून चांगलं वेळापत्रक मला कुठे मिळालं नाही. "आठवड्यातून एकदा" वगैरे सल्ले आता मी कानाआड करते.

दालचिनीची पूड फक्त कापलेल्या टोकांना. सगळ्या मुळांवर भुरभुरली तर धडधाकट मुळंही सुकतात. कुंडी मुळं जेमतेम मावतील एवढीच, कारण मोठ्या कुंडीत मधला भाग ओलाच राहतो. झाड डुलत असेल तर काडीला बांधायचं, नाहीतर नव्या मुळांची कोवळी टोकं घासून मोडतात. बाहेर आलेली हवेतली मुळं कोंबून आत घालायची नाहीत. हे सगळं तुम्ही काम करता करता सांगितलंत, त्यामुळे लक्षात राहिलं.

पण खरा उपकार त्यानंतरचा. कुंडी बदलल्यावर पानं थोडी मलूल झाली की कोणाचाही हात पाण्याच्या भांड्याकडे जातो. तुम्ही तो धरून ठेवलात. कापलेली टोकं सुकेपर्यंत काही दिवस पाणी बंद, उन्हाऐवजी मऊ उजेड, आणि नवी मुळं दिसेपर्यंत खताचं नावही नाही. मुळंच कमी झालीत, तर पान लोंबणारच, आणि जास्त पाणी घालून ती वाढत नाहीत. पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं तर टिपून घ्यायचं, नाहीतर शेंडा कुजतो, आणि फेलेनॉप्सिसला तर वाढायला तो एकच शेंडा. खाली एखादं जुनं पान पिवळं पडलं, तेव्हा तुम्ही लांबूनच म्हणालात, "पडू दे."

आता बुंध्याशी मुळांची हिरवी टोकं आली आहेत, नवं पानही निघतंय. खत सुरू केलंय, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पावपट, आणि मधूनमधून नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढते, म्हणजे क्षार साठत नाहीत. फुलदांडा येईल तेव्हा येईल.

आता दुसऱ्या ऑर्किडची, डेंड्रोबियमची पाळी. ते एकाच दिशेला सरकत वाढतं, म्हणून जुनी बाजू कुंडीच्या कडेला टेकवायची आणि नव्या कोंबापुढे जागा सोडायची, एवढं ध्यानात आहे. कोंबाला मुळं फुटू लागली की बदलू, असं तुम्ही म्हणाला होतात. ती फुटली आहेत. रविवारी सकाळी तुम्हाला जमेल का? बार्क मी शनिवारी रात्रीच भिजत घालते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची