आरोग्यमंत्री महोदय, एक्सोस्केलेटन वाटलीत, बसवणार कोण?

मा. आरोग्यमंत्री,

सप्रेम नमस्कार.

पाय लुळे पडलेल्या माणसाला उभे करून चालवणारे, पायांवर बांधायचे मोटरचे यंत्र म्हणजे एक्सोस्केलेटन. अशा प्रत्येक यंत्रासोबत माप घेऊन ते बसवणारा प्रशिक्षित माणूस आणि नियमित फेरतपासणी मिळेल, असा शब्द तुम्ही दिला होता. यातले काहीच मिळाले नाही. यंत्रे खोक्यातून काढली, पट्टे आवळले, माणसे उभी केली, फोटो निघाले.

महोदय, मांडीचे माप खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यापासून गुडघ्याच्या सांध्यापर्यंत घेतात, पायाचे तिथून बुटाच्या तळापर्यंत, आणि दोन्ही पायांचे वेगवेगळे. गुडघा वाकताना त्याचा अक्ष सरकतो, यंत्राची साधी बिजागरी मात्र एकाच बिंदूवर फिरते. ती वर-खाली बसली की पावलागणिक कफ, म्हणजे पायाला वेढणारी पट्टी, नडगीवर घासतो. अशा वेळी पट्टा आवळला तर दाब तेवढा वाढतो. लांबीच पुन्हा जुळवावी लागते. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला हे घासणे जाणवतही नाही. म्हणून प्रत्येक वेळी यंत्र उतरवल्यावर मोजे काढून नडगी, टाच, गुडघ्याची आतली बाजू, माकडहाड पाहायचे. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर पॅडिंग बदलून कातडी पूर्ववत होईपर्यंत यंत्र चढवायचे नाही. हे कोणाला शिकवले?

वर्षानुवर्षे उभे न राहिलेल्या पायांची हाडे ठिसूळ होतात, विशेषतः गुडघ्याजवळची. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी न करता अशा पायांवर मोटरचा जोर लावला तर हाड मोडू शकते. खुबा किंवा गुडघा आखडला आहे का, घोटा काटकोनात येतो का, उभे केल्यावर रक्तदाब कोसळतो का, हेही आधी पाहायचे असते. अमेरिकेत 2014 मध्ये मंजुरी मिळालेल्या ‘रिवॉक’ या एक्सोस्केलेटनला उंचीची मर्यादा होती 160 ते 190 सेंटिमीटर, वजनाची 100 किलो, आणि प्रशिक्षित सोबती बंधनकारक होता. तुमच्या यादीत उंची-वजनाचा रकानाच नाही!

चीड याचीच येते. खरेदीला पैसा मिळतो, माणसाच्या पगाराला मिळत नाही. व्हीलचेअर असो वा कृत्रिम पाय, वाटप झाले की फाइल बंद. पुढे जखम चिघळली, तर ‘रुग्णाने नीट वापरले नाही’ हा शेरा तयारच असतो.

पुढची खरेदी थांबवा. आधी प्रत्येक केंद्रावर ऑर्थोटिस्ट (अशी आधारयंत्रे मापाने बसवणारा तज्ज्ञ) आणि फिजिओथेरपिस्ट नेमा, फेरतपासणीचा खर्च निविदेतच धरा, आणि दिलेली यंत्रे परत बोलावून प्रत्येकाचे माप नव्याने घ्या.

आपला,
एक ऑर्थोटिस्ट