बाबांचं त्या दिवशीचं बीपी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा जेवलीस का विचारतात, आणि आई "झालं गेलं, सोड" म्हणते. म्हणून लिहायला बसले.

परवा ओपीडीतून बाहेर पडताना बाबा, तुम्ही एवढंच म्हणालात, "परत नाही यायचं इथं." कुरकुर करणं तुमच्या स्वभावात नाही. त्यामुळे ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

आपण साडेआठला केसपेपर काढला आणि सव्वाबाराला आत गेलो. गर्दीचा मला राग नाही. त्या डॉक्टरांनाही सकाळपासून मान वर करायला फुरसत नव्हती, ते मी पाहिलं. पण आत जे झालं, ते मला पटलेलं नाही.

"लघवीला जाऊन या" असं मी दोनदा म्हटलं, पण मधेच नंबर पुकारला तर काय, म्हणून तुम्ही बाकावरून हलला नाहीत. तसंच तुम्हाला बिनपाठीच्या स्टुलावर बसवलं. सिस्टरनी शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, तुमचा हात खाली लोंबत होता, आणि मशीन फुगत असताना त्या वय विचारत होत्या, गोळी घेतली का विचारत होत्या. १६८/९४. आकडा केसपेपरवर गेला. डॉक्टरांनी तो कागद पाहिला, तुमच्याकडे पाहिलंच नाही. तुम्ही "सकाळी उठलं की जरा..." एवढं म्हणालात, तर "वयाप्रमाणे होतं" म्हणून त्यांनी पुढच्याला हाक मारली. ५ मिलिग्रॅमची गोळी १० ची झाली.

आणि मी फाईल हातात धरून मागे उभी होते. रात्री उठल्यावर बाबा भिंत धरून चालतात, हे आईनं मला पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं होतं. तरी मी बोलले नाही. डॉक्टर चिडतील, बाहेरचे लोक खोळंबतील, असलं काहीतरी मनात आलं. त्याबद्दल मला माफ करा.

बीपी मोजायचं तर माणसाला आधी पाच मिनिटं शांत बसू द्यावं लागतं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर, आणि मोजताना बोलायचं नाही. मूत्राशय भरलेलं असलं तरी वरचा आकडा सहज दहाने चढतो. यातली एकही गोष्ट त्या दिवशी धड झाली नाही. बाबांचं बीपी वाढलेलंच नाही, असं मी म्हणत नाही. पण त्या १६८ वर गोळी दुप्पट करण्याइतका विश्वास ठेवायला नको होता.

याहून मोठी काळजी दुसरीच आहे. प्रोस्टेटसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली रात्रीची गोळी. तिथले स्नायू सैल पडून लघवी सुटावी म्हणून ती असते, पण अशा गोळ्यांनी रक्तवाहिन्याही सैलावतात आणि उभं राहिल्यावर बीपी खाली येऊ शकतं. ही गोळी चालू आहे, हे त्या केसपेपरवर कुठेच नाही. कुणी विचारलं नाही, आपणही सांगितलं नाही. त्यात आता बीपीची गोळी दुप्पट. रात्री बाथरूमच्या वाटेवर तुमचा तोल गेला तर, हा विचार मला झोपू देत नाही.

मनानं कुठलीही गोळी बंद करू नका. मी आज फोन करून सोमवारचा नंबर घेतला आहे, त्याच ओपीडीचा. तुमचे जुने कागद, ईसीजी, सगळं तिथंच आहे, आणि चूक तिथंच दुरुस्त व्हायला हवी. मधल्या काळात चक्कर वाढली किंवा पडायला झालं, तर सोमवारची वाट पाहायची नाही. लगेच मला फोन करायचा आणि डॉक्टरांकडे जायचं.

आई, तोवर एक काम तुझ्याकडे. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा बीपी घे आणि वहीत लिही. आवडले नाहीत तरी सगळे आकडे लिही. घरी १३५/८५ च्या वर गेलं की जास्त धरतात, दवाखान्यात १४०/९०, म्हणून आकडे वेगळे दिसले तर घाबरू नकोस. रोज एकदा बाबांना पाच मिनिटं आडवं झोपवून मोज, मग उभं राहिल्यावर एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी. तू शेजारी उभी राहा, त्यांना कशाचा तरी आधार असू दे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर त्यावर लाल पेनानं खूण कर आणि मला त्याच दिवशी कळव. आणि रात्री त्यांना आधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसायला लाव.

सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरून ठेवा, आयुर्वेदिक चूर्णसुद्धा.

बाबा, सोमवारी आत गेल्यावर पहिलं वाक्य चक्करेचं. तुम्हाला संकोच वाटला तर मी सांगेन, या वेळी मागे उभी राहणार नाही. आणि लघवीला खुशाल जाऊन या, नंबर मी धरून बसते.

तुमची,
लेक